प्लेट एकदा, पस्तावा हजारदा

भाचेबाई,

कॉलेजात डीटीपी आणि छपाईच्या डिझाइनच्या वर्गाला नाव घातलंस, असं तुझ्या आईकडून कळलं. तिचा सूर काळजीचा होता. मामाने जन्मभर लोकांच्या लग्नपत्रिका छापल्या आणि हाताला लागली ती फक्त शाई, असं तिचं म्हणणं. खोटं नाही. पण त्याच शाईने नारायण पेठेतल्या एका बोळात मला इतकी वर्षं जेवूखाऊ घातलं. करता येण्याजोग्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्या आहेत. तुझ्यासाठी थोड्याच शिल्लक ठेवल्यात.

खिळे जुळवणारे जुळारी मी पाहिले, आणि त्यांचे खिळ्यांचे केस भंगारात जातानाही पाहिले. पेजमेकर १९८५ साली अमेरिकेत आलं, आमच्या बोळात यायला त्याला बराच वेळ लागला. मग तेही गेलं, क्वार्क गेलं, इनडिझाइन आलं. सॉफ्टवेअर बदलत राहिलं, चुका मात्र त्याच राहिल्या. म्हणून सॉफ्टवेअर तुला सर शिकवतील. मी फक्त सवयी सांगतो.

संगणक सुरू करण्याआधी

१. पिशवीत स्टीलची फूटपट्टी, भिंग आणि पेन्सिल कायम ठेव — स्क्रीनवर सगळं मोठं करून बघता येतं, पण गिऱ्हाइकाच्या हातात पडणाऱ्या कागदाला झूम नसतो.

२. काम आलं की आधी विचार : प्रती किती, कागद कुठला, छापणार कशावर आणि हवंय कधी — रंग नंतर. कागद न ठरवता केलेलं डिझाइन म्हणजे बाळ न बघता शिवलेलं झबलं.

३. पुस्तिका असली की कोऱ्या कागदाची घडी घालून डमी कर आणि त्यावर पेन्सिलीने पानांचे आकडे टाक — आठ पानी पुस्तिकेत पहिल्या पानाच्या शेजारी आठवं छापलं जातं, हे डोक्याला पटत नाही, बोटांना लगेच पटतं.

४. कागदाचे आकार पाढ्यांसारखे पाठ कर. ए-४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि कादंबरीचा नेहमीचा डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच — १८ बाय २३ इंची तावाला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात आणि कडा कापल्या की हा आकार उरतो.

५. पुस्तकाची पानं सोळाच्या पटीत बसव, निदान आठच्या. मधे पिन मारायची असेल तर चारच्या — दहा फर्म्यांचं पुस्तक १६१ पानांवर गेलं की त्या एका पानासाठी नवा फर्मा उघडावा लागतो. एवढं महाग पान लेखकालाही परवडत नाही.

६. कागद बोटांनी ओळखायला शीक. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. ८० जीएसएमचा एक ए-४ कागद पाच ग्रॅम भरतो — पण वजन म्हणजे जाडी नव्हे. सारख्याच जीएसएमचे दोन कागद जाडीला वेगळे असू शकतात.

७. म्हणूनच पुस्तकाचा कणा हिशेबाने ठरवून थांबू नकोस. त्याच कागदाची कोरी डमी बाइंडरकडून बांधून घे आणि मग माप घे — एकदा मी अंदाजाने आखला आणि कण्यावरचं शीर्षक मुखपृष्ठावर घसरलं. लेखक म्हणाले, नवीन प्रयोग आहे का?

८. जाड कार्डाची घडी कागदाच्या ग्रेनच्या दिशेने घाल, आणि आधी क्रीझ मारून घे — आडवी घडी पडली की शाई तडकते. दिशा कळत नसेल तर तुकडा फाडून बघ. सरळ फाटतो ती ग्रेनची बाजू.

अक्षरांशी वागताना

९. इनस्क्रिप्ट कीबोर्ड न बघता टाइप करायला शीक — एकेक अक्षर शोधत बसलीस तर मजकूर वाचायला डोळे उरत नाहीत, आणि न वाचता टाइप केलेला मजकूर म्हणजे न चाखता वाढलेली आमटी.

१०. जुनी श्रीलिपीतली किंवा आयएसएममधली फाइल आली तर नाक मुरडू नकोस. तिचा फॉन्ट विचार आणि मगच युनिकोडमध्ये बदल — फॉन्ट चुकला की मराठीची इंग्रजी खिचडी होते. बदलल्यावर प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून बघ, जोडाक्षरं तिथेच मरतात.

११. इनडिझाइनमध्ये मराठी घेतलंस की पहिल्या मिनिटाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लाव — नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. दोनशे पानं लावून झाल्यावर हे कळलं तर रडू येतं. मला आलं होतं.

१२. 'र्य' आणि 'ऱ्य' यांत गल्लत करू नकोस. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे मारलं की 'ऱ' येतो — मी एका सत्काराच्या पत्रिकेत 'आचार्यांचा' सत्कार 'आचाऱ्यांचा' करून टाकला होता. गुरुजी हसले, संयोजक हसले नाहीत. ती पत्रिका अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

१३. मजकुराची भाषा 'मराठी' अशी लावून ठेव आणि 'ल' नि 'श' कसे दिसतात ते बघ — बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल निर्णय काढला, तो एकदा वाच.

१४. ओळींमध्ये हवा ठेव; बारा पॉइंटाच्या अक्षराला सतरा-अठरा पॉइंटांची ओळ दे — इंग्रजीच्या पुस्तकातलं माप इथे चालत नाही, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा आहेत आणि खाली उकार. शेजाऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवून कुणी सुखी होत नाही.

१५. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर ओढून वाढवू नकोस, आणि अक्षर आडवं-उभं ताणू नकोस — शिरोरेषा तुटली की शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जागा उरली तर मोठा फॉन्ट घे, किंवा जागा मोकळी राहू दे. मोकळी जागा भाडं मागत नाही.

१६. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोड — मराठी शब्द प्रत्यय लावून लांबच लांब होतात, मग शब्दांमध्ये भगदाडं पडतात. उजवी कड जरा वाकडी असली तर वाचणाऱ्याची वाट सरळ राहते.

१७. एका कामात दोन फॉन्ट पुरे. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू मोफत आहेत, त्यांच्यापासून सुरुवात कर — चोरलेला फॉन्ट ऐन वेळी दगा देतो, आणि ज्याने तो महिनोन्‌महिने घडवला त्याचं पोट आपल्यासारखंच असतं.

१८. र. कृ. जोशींनी घडवलेल्या 'मंगल'ला मान दे, पण पुस्तकाच्या मजकुराला त्याला जुंपू नकोस — तो विंडोजच्या पडद्यावर वाचण्यासाठी केला होता. बैल उत्तम असला म्हणून त्याला विहिरीत उतरवत नाहीत.

१९. शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, तळटीप यांच्या स्टाइल पहिल्याच दिवशी करून ठेव — लेखक शेवटच्या दिवशी म्हणतो, अक्षर जरा मोठं करा. स्टाइल असेल तर चहा येईपर्यंत होतं, नसेल तर पहाट होते.

२०. जुनी पुस्तकं हातात घे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरची छपाई बघ, बापूराव नाईकांचा देवनागरी टायपोग्राफीवरचा १९७१ चा तीन खंडांचा ग्रंथ ग्रंथालयात मिळाला तर चाळ — १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं, तेव्हा अन्‌डू नव्हतं. म्हणून तर ती माणसं आधी विचार करत.

रंग आणि फोटो हाताळताना

२१. छपाईचं काम सीएमवायकेतच कर — स्क्रीन उजेडाने रंगते आणि कागद शाईने. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा म्हणजे वरातीतला नवरा. कागदावरचा हिरवा संसारातला. राहायचं दुसऱ्याबरोबर असतं.

२२. फोटो ज्या आकारात छापायचा त्या आकाराला ३०० डीपीआय आहे ना, ते बघ — आर्ट पेपरवर इंचाला साधारण १५० ओळींचा ठिपका पडतो, त्याच्या दुप्पट माहिती लागते. लहान फोटो ताणून आकडा वाढवलास तर आकडा फसेल, डोळा नाही.

२३. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो वापरण्याआधी पाठवणाऱ्याला म्हण, 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' — नाहीतर तो वाटेतच आकसतो. हे वाक्य तुला रोज म्हणावं लागणार आहे. गोड आवाजात म्हणायची सवय आत्ताच लाव.

२४. मजकुराचा काळा हा फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के. चारी रंग मिसळून नव्हे — मशीनवर रजिस्टर केसभर हललं की बारीक अक्षराला रंगीत सावली पडते, आणि वाचणारा आपला चष्मा पुसत बसतो.

२५. पांढऱ्या अक्षरावर ओव्हरप्रिंट चुकून लागलेलं नाही ना, ते तपास — पांढरी शाई नसतेच, नुसती जागा सोडलेली असते. ओव्हरप्रिंट असलं की ती जागाही सुटत नाही. मी एका दुकानाचं नाव असंच गायब केलं. मालकांनी बिलाचे पैसेही तसेच गायब केले.

२६. गडद रंगात चारी शाया मिळून आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या आसपास थांब, वर्तमानपत्राच्या कागदावर २४० च्या — जास्त शाई वाळत नाही, वरच्या तावाच्या पाठीला लागते. पोट भरल्यावरची पोळी पाठीलाच लागते म्हणतात, तसं.

२७. फोटोवर किंवा गडद रंगावर पांढरी अक्षरं टाकायची तर ती जाड आणि मोठी घे — शाई थोडी पसरतेच, आणि बारीक अनुस्वार ती आधी गिळते.

२८. रंग किंवा फोटो कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर ने — कटिंगचं पातं केसभर सरकतंच. ब्लीड नसलेल्या पानाला पांढरी किनार फुकट मिळते.

२९. आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत ठेव — पात्याला फोन नंबर आणि फुलांची नक्षी यांतला फरक कळत नाही.

३०. चिकट बाइंडिंगच्या पुस्तकात आतला समास सढळ दे — दोन पानांमधली दरी अक्षरं खाते, आणि पुस्तक उघडायला वाचकाला जोर लावावा लागला तर कणा मोडतो.

३१. रविवारच्या पुरवणीतला एक रंगीत फोटो भिंगाखाली धर — चार रंगांच्या ठिपक्यांची ती जत्रा एकदा पाहिलीस की वरचे दहा कानमंत्र पाठ करावे लागणार नाहीत.

प्रूफ वाचताना

३२. प्रूफ कागदावर काढूनच वाच — स्क्रीनवर आपण आपलं काम बघतो, कागदावर दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या चुका माणसाला पटकन दिसतात.

३३. नावं, आकडे आणि पत्ते दोघांनी मिळून तपासा; एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं — डोळा माहितीतला शब्द न वाचताच पुढे जातो, कान जात नाही.

३४. सगळ्यात मोठ्या अक्षरातली ओळ सगळ्यात शेवटी पुन्हा वाच — बारीक अक्षरातली चूक सगळे शोधतात, मथळ्याकडे कुणी बघतच नाही. मुद्राराक्षस नेहमी मोठ्या दारातून येतो.

३५. तारखेशी वार जुळतो का ते कॅलेंडरवर बघ, आणि छापलेला फोन नंबर स्वतः लावून बघ — एका पत्रिकेत मी रविवारचं लग्न सोमवारी लावलं होतं. नवऱ्याच्या मामांनी मला फोनवर जे ऐकवलं ते पत्रिकेत छापण्यासारखं नव्हतं.

३६. एक दुरुस्ती केलीस की तो सगळा परिच्छेद आणि पुढचं पान बघ — एक शब्द वाढला की ओळ सरकते, ओळ सरकली की पान सरकतं, आणि अनुक्रमणिका मात्र जागच्या जागी बसून खोटं बोलते.

३७. शेवटच्या प्रूफवर गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घे, मग ते सख्खे काका का असेनात — भांडण मिटवायला नव्हे, होऊच नये म्हणून. सही करताना माणूस पुन्हा एकदा वाचतो, खरी कमाई ती.

३८. जमेल तेव्हा काम एक रात्र ठेवून सकाळी पाठव — रात्री अकराला सुंदर दिसलेलं मुखपृष्ठ सकाळी आठला खरं दिसतं.

फाइल सांभाळताना

३९. फाइलच्या नावात गिऱ्हाईक, काम आणि तारीख टाक. 'फायनल' हा शब्द कधीच टाकू नकोस — फायनलनंतर 'फायनल नवीन' येते, मग 'फायनल नवीन खरी', आणि प्लेट निघते पहिलीची.

४०. फाइल तीन ठिकाणी ठेव, त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर — डिस्क बंद पडण्याचा मुहूर्त दिवाळी अंकाच्या आदल्या आठवड्यातच असतो.

४१. प्रेसला पीडीएफ देताना फॉन्ट आत गेले आहेत ना बघ. कोरलड्रॉची फाइल असेल तर अक्षरं कर्व्ह कर, पण मूळ फाइल वेगळी जपून ठेव — कर्व्ह झालेल्या अक्षरात काना घालता येत नाही.

४२. ती पीडीएफ दुसऱ्याच्या संगणकावर एकदा उघड, आणि चारी रंगांच्या प्लेटा वेगवेगळ्या करून बघ — स्वतःच्या घरात सगळेच शहाणे दिसतात. हजार प्रतींचं काम असलं की एक चूक हजार होते. प्लेट एकदा, पस्तावा हजारदा.

माणसांशी वागताना

४३. कॉलेज संपेपर्यंत निदान एक पूर्ण दिवस छापखान्यात उभी राहा. मशीनमनला 'दादा' म्हण आणि त्याच्या चहाच्या वेळी प्रश्न विचार — तुझं डिझाइन कागदावर उतरवणारा तो आहे, आणि शाई किती घट्ट चाललीय ते त्याला आवाजावरून कळतं.

४४. बाइंडरला काम ठरवतानाच विचार, शेवटी नव्हे — घडी, शिलाई, कटिंग, लॅमिनेशन यांत जे होणार नाही ते तो दोन मिनिटांत सांगतो. आपण मात्र पंधरा दिवस त्याच गोष्टीवर मेहनत करतो.

४५. दिवाळी अंकाचं काम घेतलंस तर जाहिरातींची पानं आधीच मोकळी धरून ठेव — काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि जाहिरात शेवटच्या रात्री येण्याची परंपरा बहुधा तितकीच जुनी असावी.

४६. थोडे पैसे आगाऊ घे आणि किती वेळा बदल करून देणार ते आधीच सांग — संकोचाने सोडलेला आगाऊ पुढे रागाने मागावा लागतो.

४७. गिऱ्हाइकाच्या आवडीला हसू नकोस. त्याला गुलाबी आवडत असेल तर चांगला गुलाबी शोधून दे — त्याच्या घरचं लग्न आहे, तुझं प्रदर्शन नव्हे.

४८. चूक झालीच, तर दुसऱ्याच्या लक्षात यायच्या आत तूच सांग — छापून झालेली चूक शुद्धिपत्राने झाकते, लपवलेली कशानेच झाकत नाही. सोमवारच्या लग्नाच्या पत्रिका मी रातोरात स्वखर्चाने छापून दिल्या. पुढची सात लग्नं त्याच घरातून आली.

एवढं एका दमात वाचायची गरज नाही. आठवड्याला एक घेतलास तरी वर्षभरात संपेल, आणि तेवढ्यात तू चार नवे मला शिकवशील.

पहिलं काम छापून आलं की शाई वाळायच्या आत एक प्रत माझ्याकडे घेऊन ये. टेबलाच्या काचेखाली आचाऱ्यांच्या पत्रिकेशेजारी जागा करून ठेवली आहे. चूक निघाली तरी ती प्रत तिथेच लागेल. नाही निघाली, तर मी भिंग घेऊन पुन्हा बघीन.

तुझा,
मामा